घराण्यातलं वारं

सहाणेवर वेखंडाचा तुकडा फिरत होता आणि त्याच्यामागे उमटणारी फिकी, दुधाळ रेघ एकाच जागी तुटत होती – तिथे दगडाला खळगा होता, सासूच्या आणि सासूच्याही सासूच्या हातांनी पडलेला – आणि दर फेऱ्याला राजेश्रीचा हात तिथे किंचित अडखळून पुढे जायचा. ह्याच दगडावर भागवतची गुटी उगाळली गेली. भागवतच्या वडलांची, म्हणजे सटवाजीमामांचीसुद्धा. आणि आता हिची... एका दगडावरून पिढ्यान्‌पिढ्या तोंडात उतरत आलेलं वेखंड, हळकुंड, बदाम... आणि मग तो शब्द आलाच. तो असाच यायचा, कसल्याही विचाराचं बोट धरून, चपला बाहेर न काढता थेट स्वयंपाकघरात. आनुवंशिक.

शेजारी गोधडीवर अर्पिता झोपली होती. सात महिन्यांची. झोपेतच तिचा डावा हात एकदा उडाला, मूठ उघडली, मिटली. राजेश्रीचा हात सहाणेवर थांबला. डोळे फिरले का? नाही. ओठ? गुलाबी, खालच्या ओठावर दुधाचा वाळलेला कण. श्वास... आहे, सावकाश, पोटावरचं झबलं वरखाली होतंय. लेकरं झोपेत दचकतातच – दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, माहेरी गंगाखेडला आईने सांगितलं होतं, सगळ्या जगाने सांगितलं होतं. पण त्या सगळ्यांच्या लेकरांच्या बापाच्या फाइलीत तो शब्द नव्हता.

फोन फडताळात, दुधाच्या पातेल्याला टेकवून उभा होता. ह्या घरात रेंज तेवढ्याच जागी येते. आज निकाल. परभणीच्या वकील सुकेशनीताई काल म्हणाल्या होत्या, "उद्या दुपारपर्यंत कळवते. देव पाण्यात घालून बसू नका, तुमच्या घरात तर नकोच," आणि स्वतःच हसल्या होत्या. राजेश्रीही हसली होती. मग फोन ठेवून तिने किती वेळ पाळण्याची दोरी नुसतीच हातात धरून ठेवली होती, न ओढता.

भागवत फौजेत ड्रायव्हर होता. वर, बर्फातल्या एका चौकीपाशी, ट्रकमधून पेट्या उतरवताना एक पेटी निसटून त्याच्या डोक्यात बसली. टाके पडले, दवाखान्यात राहिला, बरा झाला, पुन्हा गाडी चालवायला लागला. काही महिने गेले आणि एका सकाळी रांगेत उभा असताना – हे त्याने तिला एकदाच सांगितलं होतं, भिंतीकडे तोंड करून – समोरच्याच्या पाठीवरचा हिरवा रंग मोठा मोठा होत गेला, इतका की त्यात शिरता आलं असतं... आणि त्यानंतर एकदम तोंडात रक्ताची चव. जीभ चावलेली. पुन्हा आला झटका, पुन्हा आला. गोळ्या सुरू झाल्या. शेवटी अनफिट म्हणून घरी पाठवलं आणि अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज परत आला तो असा, की आजार आनुवंशिक, लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारण – रुग्णाच्या वडलांनाही असेच झटके येत असल्याचे रुग्णाच्या आईने सांगितले.

"म्हणजे मी घरून फुटकंच डोकं घेऊन गेलो होतो म्हनायलेत," भागवत म्हणाला. एवढंच. त्यानंतर त्याने तो कागद कधी हातात घेतला नाही, आणि फौजेबद्दल वाकडा शब्दही काढला नाही. अजूनही रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पळवतो, शिट्टी वाजवतो, गुडघे वर घ्या म्हणून ओरडतो. पैशाचं त्याला फारसं नव्हतं. आपण धड गेलो होतो, एवढं त्याला कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं.

आणि मला? मला काय हवं होतं...

कडूबाई, तिची सासू – राजेश्री तिला मामी म्हणते – पहिल्या झटक्यानंतर लेकाला बघायला लष्करी दवाखान्यात गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा एवढा लांबचा प्रवास, सोबत नात्यातला एक माणूस. राजेश्री तेव्हा ह्या घरात नवी होती, घर सांभाळायला मागे राहिली होती. परत आल्यावर मामीने ओसरीवर बसून अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं, की तिथल्या मोठ्या डॉक्टरसाहेबाने तिला खुर्ची दिली आणि विचारलं, घरात अजून कुणाला असं होतं का? आणि मामीने आपल्या निजामी वळणाच्या हिंदीत ठणकावून सांगितलं, "होता हय ना साब. इसके बाप के अंग में भी आता था. हमारे घराने में हय, पीढी-दर-पीढी." साहेब लिहून घेत होता. मामीला वाटलं, मान ठेवतोय. ज्याच्या घरात देवी येते त्याला फौजेतसुद्धा जपतील, बरं काम देतील, बर्फात पाठवणार नाहीत... आईच ती. तिच्याकडे जे सगळ्यात मोठं होतं ते तिने लेकासाठी टेबलावर ठेवलं होतं. आणि त्याच्यावरच शिक्का बसला.

राजेश्रीला तिचा राग कधी आला नाही, हे खरं का? खरं. पण ते खरं व्हायला वेळ लागला.

भागवत घरी आला आणि पहिल्याच आठवड्यात ओसरीवर त्याला झटका आला. गल्ली जमली. कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, कुणी कांदा फोडा म्हणालं आणि कुणीतरी मागून म्हणालं – सटवाजीचं वारं पोरात उतरलं. बास. शुक्रवारी बायका नारळ घेऊन आल्या. पुढच्या शुक्रवारी जास्त आल्या. भागवत गोळीने जड झालेल्या डोळ्यांनी खांबाला टेकून बसायचा, बायका त्याच्या पायाशी ओटीचे तांदूळ ठेवून विचारायच्या, पोरीचं लग्न कधी, म्हैस कुणी नेली. आणि तो, बिचारा, कधी कधी उत्तरही द्यायचा. "म्हैस? चारा कोन टाकतंय तिला, त्याला इचारा." सापडली म्हणे म्हैस. मग काय. मामीची मान ताठ झाली. ज्या लेकाला सरकारने फुटका म्हणून परत पाठवलं त्याच्या दारात चपलांची रास – ती तरी काय करील.

राजेश्रीला तेव्हा दिवस गेले होते. शुक्रवारच्या त्या गर्दीत ती पाण्याचे तांबे देत फिरायची आणि बायका तिच्या पोटाला हात लावून म्हणायच्या, "ह्यात बी आलं असंल, घराण्यातलं." कौतुकाने म्हणायच्या. आणि तिच्या आत काहीतरी थंडगार होत जायचं, कारण सरकारी कागद आणि ह्या बायका, दोघं एकच बोलत होती.

"ह्यातलं एकच काहीतरी खरं धरता येईल," सुकेशनीताई पहिल्या भेटीतच म्हणाल्या होत्या. "देवी, नाहीतर पेटी. आईंनी ठरवायचं. न्यायाधिकरणाकडून नवं मेडिकल बोर्ड मागून घेते मी, तिथे त्यांना बोलू देतील. पण बोलायचं त्यांनी."

कसं सांगायचं मामीला? लेकाच्या अंगातली देवी काढून द्या म्हणून? राजेश्री कितीदा वाक्य जुळवत राहिली – भाकरी थापताना, झबली पिळताना – आणि शेवटी ती काहीच बोलली नाही, किंवा बोलली ते भलतंच. अर्पिता महिना-दीड महिन्याची असेल. मामी दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. राजेश्रीने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "मामी, हिच्या बी अंगात येईल का हो?"

"पोरीला कशाला..." मामी झटकन म्हणाली, आणि तिथेच थांबली.

सोललेली शेंग हातात तशीच. दाणे एक एक करून टोपलीबाहेर पडत होते. तिने नातीचं टाळूवरचं तेल बोटाने उगाच सारखं केलं. लेकात आली तर जिचा मान, ती नातीत येऊ नये असं तोंडातून निसटून गेलेलं – ते परत आत घेता येईना. राजेश्रीला वाटलं, आपण हे फार वाईट केलं. आणि हेही वाटलं, की दुसरं काही करता आलं नसतं.

"अगं ए राजेश्री!" – बाहेरून बायनाबाई, पलीकडच्या घरातली. हातात रिकामी वाटी, विरजणासाठी. "काय, आलं का फर्मान?"

"न्हाई अजून, काकू."

"येईल, येईल." बायनाबाई उंबऱ्यावर टेकली. "मी म्हनते, देवीला घालवून पेन्शन आनायची, ही बी झकास अदलाबदल. आता देवी कुठं बदली मागायली म्हनावं, नांदेडला का लातूरला?"

ओसरीवरून मामीचा आवाज आला, शांत, सुपातलं धान्य पाखडता पाखडता. "घालवली न्हाई, बायने. तिच्या घरी पोचती केली. तुला एवढी याद यायलीय तर जा की देवळात. लंगडी हाईस का?"

"लंगडी न्हाई, पर देवळातली देवी बोलत न्हाई ना बाई. तुजं पोरगं बोलायचं."

"माजं पोरगं म्हशीबद्दल बोलायचं."

बायनाबाई हसली. मामीही हसली असावी, सुपाचा आवाज क्षणभर थांबला होता. राजेश्रीने वाटीत विरजण घातलं. ह्या दोघींच्या बोलण्याचे काटे तिला आताशा टोचत नाहीत. ते शुक्रवार बंद पडले तेव्हा बायनाबाईच्या सुनेचा नवस अर्धा राहिला होता, तिला तेवढं बोलायचा हक्क होता.

...छावणीतला तो दवाखाना. नव्या बोर्डापुढे, गंगाखेडहून रेल्वेने गेले होते सगळे. मामी ठेवणीतलं लुगडं नेसलेली, राजेश्रीच्या खांद्यावर बाळ, भागवत इस्त्रीच्या शर्टात. बोर्डावरच्या डॉक्टर बाई होत्या, फौजेच्या गणवेशातल्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी मामीला विचारलं, "आजी, तुमच्या यजमानांना झटके यायचे असं तुम्हीच सांगितलंय."

"झटके न्हाई म्हनलं मी. देवी यायची."

"म्हणजे काय व्हायचं?"

"संबळ वाजला की यायची. मंगळवारी, शुक्रवारी. हातात परडी असायची, तिच्यातलं पीठ सांडत न्हवतं. घुमायचे, लोकं इचारतील त्ये सांगायचे. आन येऊन गेली की म्हनायचे, कडूबाई, पानी दे."

"आणि मुलाला?"

राजेश्रीला आठवतं ते एवढंच, की खोलीत पंखा होता आणि मामीच्या चांदीच्या पाटल्या एकमेकींवर वाजत नव्हत्या, इतकी ती स्थिर बसली होती. भागवत खिडकीकडे बघत होता, पाठ सरळ. मामीने लेकाकडे पाहिलं नाही.

"ह्याला कुनी वाजवावं लागत न्हाई," ती म्हणाली. "एस्टीत येतंय. जेवता जेवता येतंय. जीभ चावतंय, कपडे खराब व्हत्यात. आन उठल्यावर..." तिने पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. "उठल्यावर मला बघतंय आन वळखत न्हाई. देवी आईला वळखती, बाई. ह्यो देव न्हाई. ह्यो मार हाय."

डॉक्टर बाईंनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "पाणी घेता का, आजी?" आणि मामी हो म्हणाली, एखाद्या लहान मुलीसारखी, आणि अख्खा पेला एका दमात प्यायली. आणि त्याच शुक्रवारी, बायका नारळ घेऊन वळणावर दिसल्या तशी ती स्वतः उठून दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. "देवी हितं न्हाई. देवळात हाय. माजं पोरगं बिमार हाय," ती म्हणाली. ती ते म्हणत असताना मी आतून ऐकत होते, बाळाला पाजत होते. एका बाईने आपल्या हातांनी आपल्या घराचा कळस उतरवून खाली ठेवला आणि वर उन्हात उघडं पडलेलं लेकरू झाकून घेतलं – तसं काहीतरी मला दिसत होतं, आणि दूध इतकं उतरत होतं की अर्पिताला ठसका लागला.

फोन वाजला तेव्हा राजेश्री गुटीची बोंडली धूत होती. ओल्या हाताने तो उचलला गेला नाही, बोटं नुसतीच काचेवर घसरली, एकदा, पुन्हा...

"ताई, झालं," सुकेशनीताई म्हणाल्या. "मंजूर. आणि ऐका, सेवेमुळे वाढला एवढंच नाही म्हटलेलं. सेवेमुळेच झाला. सेवेमुळेच."

"आनुवंशिकाचं काय म्हटलंय?" राजेश्रीने विचारलं.

"काय?"

"तो शब्द. ठेवलाय का काढलाय?"

पलीकडे हसू. "सगळे आधी किती मिळणार ते विचारतात." मग पानं उलटल्याचा आवाज. "वाचून सांगते. भरती करताना तपासून धडधाकट म्हणून घेतलं, तेव्हा कुठला आजार नोंदलेला नव्हता. म्हणजे आजार नोकरीत लागला असंच मानायचं. तसं नसेल तर ते सरकारनं दाखवून द्यायचं. वडलांच्या अंगात येत होतं, एवढ्यावरून आजार घराण्यात होता असं ठरत नाही. आणि जिथे शंका उरते तिथे संशयाचा फायदा सैनिकाला."

"म्हणजे आनुवंशिक नाही."

सुकेशनीताई खोटं बोलत नाहीत, म्हणूनच राजेश्रीचा त्यांच्यावर जीव आहे. "म्हणजे, आहे असं कुणाला दाखवता आलं नाही, ताई. कोर्ट तेवढंच सांगतं. कोर्ट काही डॉक्टर नसतं."

ती ओसरीवर आली. मामीने तोंडाकडे पाहिलं, सूप खाली ठेवलं, उठून आत गेली, गुळाची ढेप घेऊन बाहेर आली आणि बत्त्याने फोडायला लागली, जोरात, खडे अंगणात उडेपर्यंत. भागवत शेतातून येऊन न्हाणीपाशी पाय धूत होता. त्याला सांगितलं तेव्हा त्याने पाणी ओतायचं थांबवलं नाही, तांब्या रिकामा झाला तरी हात तसाच तिरका.

"सेवेमुळेच?"

"सेवेमुळेच."

"परत म्हन."

ती म्हणाली. त्याने आणखी एकदा म्हणायला लावलं. मग तो गोधडीवर येऊन बसला, मांडी घातली, दोन्ही हात पुढे केले – बाळाला उभ्याने घ्यायचं नाही, हा त्याने स्वतःच स्वतःला घातलेला नियम – आणि राजेश्रीने नुकत्याच जाग्या झालेल्या अर्पिताला त्याच्या हातात दिलं. तो तिच्याशी फौजेतल्यासारखा बोलायला लागला, रिपोर्ट दिल्यासारखा. "अर्पिताबाई, ऐका. तुमचा बाप घरून फुटका निघाला न्हवता. धड निघाला होता. तिकडं फुटला." आणि अर्पिताने त्याची मिशी धरली. तो हसला, एवढ्या मोठ्याने की न्हाणीवरची कोंबडी उडाली, आणि मग त्याचं हसणं थांबेना, राजेश्रीलाही हसू आवरेना, आणि मामी बत्ता हातात घेऊन दारातून ओरडली, "हसा. हसा लेकरांनो. कोर्टानं मंजूर केलंय, आता कुनाच्या बापाला भ्यायचं न्हाई."

गूळ-खोबरं पहिल्यांदा बायनाबाईकडे गेलं. मामी स्वतः घेऊन गेली. पलीकडून तिचा आवाज भिंतीवरून येत राहिला, वाढत, सजत. कोर्टानं काय म्हटलं, न्यायाधीश कसा म्हणाला, ती बाई डॉक्टर कशी उभी राहिली. त्यातलं बरंचसं घडलेलं नव्हतं. राजेश्री ऐकत राहिली आणि तिला त्यातलं एकही वाक्य कमी व्हावंसं वाटलं नाही.

पण संशयाचा फायदा... ते शब्द दुपारभर तिच्याबरोबर फिरत राहिले, धुण्याच्या दगडापाशी, चुलीपाशी. दूर शहरातली, कधी न पाहिलेली माणसं, ज्यांनी भागवतला धड ओळखलंही नसेल, ती म्हणाली – कळत नसेल तर ह्याच्या बाजूने धरा. आणि मी? मी आई. सात महिने मी तिच्यासमोर कशी बसले? प्रत्येक दचकणं लिहून घेत, तिचे डोळे तपासत, ओठ तपासत – बोर्डच बसवलं होतं मी तिच्या पाळण्याभोवती. तिच्या बाजूने एकदाही धरलं नाही. "अगं बाई, बापावर गेलीय पोरगी," कुणी म्हणालं की मी पदर ओढून तिचं तोंड झाकायचे, दृष्ट लागेल म्हणायचे. दृष्टीसाठी झाकत नव्हते मी. झाकत होते, कारण नाकाबरोबर, हनुवटीबरोबर आणखी काय काय गेलं असेल...

दिवेलागणीला मामी परत आली. देवीपुढे निरांजन लावलं, हात जोडले. रोजच्यापेक्षा जास्त नाही, कमी नाही. मग अर्पिताला मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसली. राजेश्री भाजी निवडायला शेजारी बसली.

"मामी, मामा दिसायला कसे होते?"

मामीने वळून पाहिलं. "आज बरं आठवलं तुला. एवढी वर्सं झाली, कधी इचारलं न्हाईस."

"सांगा की."

"काळे होते. लय उंच बी न्हाई." मामीने नातीची हनुवटी बोटाने वर केली. "ही बघ. ही त्यांची. अशीच मदी खोलगट. आन कान, बाहेर आलेले, सुपासारके. मी लगीन झाल्यावर रडले हुते कानांवरून." ती हसली. "पर संबळ वाजला आन उभे ऱ्हायले की... काय सांगू. परडी हातात घेऊन असे फिरायचे, जसं काय खाली भुईच न्हाई. लोकं डोळे मिटायचे. मी मिटत न्हवते. मी बघायचे."

"घाबरायचा नाहीत?"

"घाबरायचे की. तरी बघायचे."

राजेश्रीने हातातली मेथीची काडी खाली ठेवली. ती वाकली, इतकी जवळ की अर्पिताच्या श्वासाची ऊब गालाला लागली, आणि बघायला लागली – हनुवटीतला तो खोलगटपणा, जो तिला ठाऊक होता आणि तिने कधी पाहिला नव्हता, कानांची पातळ, बाहेर वळलेली कड, दिव्याचा उजेड तिच्यातून आरपार गुलाबी. मामांचे कान. भागवतचं नाक. आणि भिवयांमधली ती बारीक आठी, ती कुणाची? माझीच की. ती आठीसुद्धा आज पहिल्यांदा दिसत होती. भीती कुठे गेली नव्हती. ती आत होती, तिच्या ओळखीच्या कोपऱ्यात, आणि उद्या पहाटे अर्पिताचा हात झोपेत उडाला की ती उठून बसणारच... पण ह्या घडीला राजेश्रीच्या डोळ्यांना करायला दुसरं काम होतं. किती घराणं होतं ह्या एवढ्याशा तोंडात, आणि किती दिवस तिने ते नुसतं तपासलं होतं.

"अजून सांगा," ती मामीला म्हणाली. "चालायचे कसे?"